फेसलरांच्या रविवारच्या पाच गोळ्यांची बखर

हकीकत ऐसी जे. टॅमरॅक खोऱ्यातल्या नेमबाज क्लबाच्या मासिक पत्राचे कारभारी यांनी आर्डिथबाई फेसलर यांस विनंती केली की, ऑगस्टातल्या सामन्याचा वृत्तांत चार ओळींत लिहून द्यावा. आणि बाईंनी आपल्या लेकीस आज्ञा केली की, वृत्तांत तू लिही, मात्र चार ओळींत लिहू नको, आणि मागचेपुढचे काही झाकू नको, आणि वाचून कोणाचे नाक वाकडे जाहले तर होऊ दे. आज्ञा प्रमाण. त्याजवरून जे माळावर पाहिले, जे स्वयंपाकघरात ऐकले, आणि जे कोणासच ठाऊक नव्हते, ते सर्व येथे यथाक्रम लिहिले आहे.

पेनसिल्व्हेनिया मुलखी, मक्याच्या दोन शेतांमध्ये एक माळ आहे, आणि माळावर पत्र्याचे छप्पर, आणि छपराखाली सिमेंटची वीस मेजे. हे त्या राज्याचे तख्त. राज्यात बत्तीस शूर, बहुतेक साठी ओलांडलेले. त्यांचा पराक्रम ऐसा की, शंभर यार्डांवर एक कागद लावावा, मग बंदूक वाळूच्या पिशव्यांवर निजवावी, मग श्वास कोंडून पाच गोळ्या झाडाव्या, आणि पाचही एकाच भोकातून जाव्या. शत्रू तो कागद. कागद पळत नाही, चाल करून येत नाही, रसद तोडत नाही, आणि त्याने आजवर कोणास जखमी केल्याची नोंद दप्तरी नाही. तरी या कागदापायी एकाने बढती सोडली, आणि एक लेकीच्या लग्नातून पहिल्या घासास उठला, आणि एकाची बायको बहिणीकडे ओहायोस गेली ती गेलीच. परंतु ती गेल्याचे गृहस्थाच्या ध्यानी हंगाम सरल्यावर आले.

पाच भोकांचा जो पुंजका कागदावर उठतो, तो भिंगाखाली धरून इंचाच्या हजाराव्या हिश्शापर्यंत मोजतात. ऐसे पाच कागद. पाचांची सरासरी ज्याची सर्वांत लहान, त्याची फत्ते.

आता दारूगोळ्याविषयी. दुकानातली गोळी या शूरांस चालत नाही. ती हरणास पुरते, कारण हरणाला हजारांश कळत नाही. यांस गोळी हाताने घडवलेली लागते. ती ऐसी की, तांब्याची करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीची वाटी घ्यावी, मग शिशाच्या तारेचा तुकडा साच्यात दाबून वजनास नेमका करावा, मग धुऊन वाळवून तो वाटीत बसवावा, मग दुसऱ्या साच्यात घालून तिला टोक काढावे. साचे उत्तम पाहिजेत हे खरे. परंतु शिसे वाटीत बसवताना प्रेसचा दांडा किती दाबावा हे कोणत्याही पुस्तकात नाही. दाब गोळीगणिक कमीजास्त जाहला तर पाच गोळ्यांची पाच तोंडे होतात, आणि हा दोष तराजूस कळत नाही, डोळ्यास दिसत नाही, एक त्या शंभर यार्डांवरच्या कागदास तेवढा कळतो.

तो दाब ज्याच्या हातास उमगला होता ऐसा पुरुष त्या खोऱ्यात एकच, वेल्डन फेसलर. धंद्याने शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारे. एकतीस वर्षे गॅरेजात गोळ्या घडवल्या. त्यांच्या पेट्यांवर डब्ल्यू. एफ. हा शिक्का असे, आणि तो शिक्का पाहून भली भली माणसे टोपी काढून बोलत. खोऱ्यात कोणाचे काम उत्तम जाहले की म्हणत, वेल्डनचा हात लागला.

फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेस वेल्डन फेसलर वारले. वय एक्याहत्तर.

चर्चच्या तळघरात जेवण जाहले. हॅम होते, बटाट्याचे सॅलड होते, बिटात मुरवलेली लाल अंडी होती. आणि तेथे राजश्री बॉइड हॉस्ट्रँडर, निवृत्त दंतवैद्य, तीन वर्षे लागोपाठ खोऱ्याचे अजिंक्यवीर, चाकांवरच्या महालाचे, म्हणजे राहत्या मोटारीचे, धनी, आर्डिथबाईंच्या समाचारास दाखल जाहले. त्यांनी बशी छातीशी धरली आणि समाचार केला तो असा.

"आर्डिथ, काय बोलू गं. माणूस नव्हता, सोनं होतं." मग हॅमचा तुकडा काट्याला टोचून, "बरं, ते साचे गॅरेजातच आहेत ना? गंज चढतो हं. मी आपला काळजीनं विचारतोय."

"बॉइड, अजून त्याच्यावरची फुलं सुकली नाहीत."

"तेच म्हणतोय मी. हवा दमट आहे."

शेजारी लामार योस्ट बसले होते, ऐंशी गाईंचे धनी, आणि ज्या ज्या वर्षी बॉइड पहिले त्या त्या वर्षी दुसरे. ते म्हणाले, "बॉइड, तोंडात हॅम आहे तोवर तरी गप बस रे."

ईस्टरपर्यंत बॉइड आणखी तीन वेळा समाचारास येऊन गेले, आणि दर खेपेस दुःखाचा प्रवास साच्यांपाशी येऊन थांबला. मग एप्रिलात क्लबाची सभा भरली. तेथे बॉइड यांनी मसलत मांडली की, ते साचे ही एका विधवेच्या गॅरेजाची चीज नसून उभ्या राज्याची दौलत आहे, सबब लायक हाती जावी, आणि लायक हात शोधण्यास फार लांब जाणे नको. यावर आर्डिथबाई, ज्या तीस वर्षे त्या सभांना कॉफी करीत आल्या, त्या किटली खाली ठेवून बोलल्या.

"साचे कुठे जाणार नाहीत. गोळ्या मी करणार आहे."

सभा हसली. वाईट हसली नाही. लहान मूल विमान उडवीन म्हणाले तर हसतात, तेवढेच.

बॉइड म्हणाले, "आर्डिथ, हे काही केक करण्यासारखं नाही."

"नाहीच. केक बसला तर मी वाऱ्याला बोल लावत नाही."

तेव्हा लामार योस्ट एकटेच हसले, आणि मग त्यांनी जाहीर केले की, बाईंच्या गोळ्या मी झाडीन. त्याजवरून जागच्या जागी तह जाहला, आणि मैदानाचे कोतवाल व मोजणीदार गेलन क्रेबिल यांनी तो जेवणाच्या कागदी रुमालावर लिहून घेतला. कलम पहिले: ऑगस्टाच्या सामन्यात लामार यांनी आर्डिथबाईंच्या नव्या गोळ्या झाडाव्या आणि बॉइड यांनी वेल्डन यांच्या. कलम दुसरे: बॉइड जिंकल्यास साचे त्यांचे. कलम तिसरे: लामार जिंकल्यास साच्यांचा शब्द कोणी पुन्हा त्या बाईसमोर उच्चारू नये. आर्डिथबाईंनी बेधडक सही केली, आणि त्यास कारण होते.

ते कारण आता लिहिणे प्राप्त आहे. आठ वर्षांमागे वेल्डन यांच्या उजव्या हातास कंप सुटला. आधी कॉफीच्या कपात दिसला, मग सहीत, मग गोळ्यांत. एके दिवशी त्यांनी बाईंना प्रेसपुढे बसवले, आपला हात त्यांच्या हातावर न ठेवता नुसते तोंडाने सांगत राहिले, आणि पहिल्या महिन्याच्या सर्व गोळ्या वितळवल्या, दुसऱ्या महिन्याच्या निम्म्या, आणि पुढे वितळवणे बंद पडले. तेव्हापासून डब्ल्यू. एफ. शिक्क्याची प्रत्येक गोळी आर्डिथबाईंची. बॉइड यांचे तिन्ही चषक त्याच गोळ्यांचे. वेल्डन यांनी एवढेच मागितले होते की, "कुणाला सांगू नकोस. मी गेल्यावरसुद्धा. हे लोक फार हसतात." आणि बाईंनी शब्द दिला होता. तेव्हा त्यांना वाटले, बॉइड यांनी घरची पेटी काढली तरी हात आपला आणि लामार यांना दिली तरी हात आपला. मग गोळीपायी हरण्याची भीती कशाची?

परंतु बॉइड यांच्या घरच्या पेट्या खर्चासाठी नव्हत्या. पलंगाखाली त्यांच्या अकरा पेट्या सीलबंद होत्या, आणि त्या मोठ्या सामन्यासाठी राखलेल्या होत्या, आणि मोठा सामना आला की ते म्हणत, याहून मोठा येईल. हा त्या राज्याचा कुळाचारच आहे. उत्तम गोळी कोणी झाडत नाही; ती ठेवून माणसे मरतात.

तहानंतर तिसऱ्या दिवशी बॉइड, कोतवाल गेलन यांस साक्षीस घेऊन, वेल्डन यांच्या गोळ्या निवडण्यास गॅरेजात शिरले, आणि वरच्या फळीवरचा कॉफीचा जुना डबा त्यांच्या नजरेस पडला. डब्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर वेल्डन यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात: हात लावू नये.

"हे काय गं?"

"ते राहू दे. त्या बऱ्या नाहीत."

"बऱ्या नाहीत, म्हणून 'हात लावू नये'?" बॉइड यांनी गेलनला डोळा घातला. "आर्डिथ, चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावलोय मी. खोटं कुठल्या दातात असतं ते मला कळतं. ह्या त्यानं स्वतःसाठी राखलेल्या. ह्याच पाहिजेत मला."

गेलन हे न्यायी आणि म्हणूनच निरुपयोगी गृहस्थ. ते म्हणाले, "तसं बघता आर्डिथ, वेल्डनच्या गोळ्या म्हणजे वेल्डनच्या गोळ्या. रुमालावर तसंच लिहिलंय."

त्या डब्यात काय होते ते बाईंस ठाऊक होते. कंप सुटल्यापासून दर रविवारी, चर्चहून आल्यावर, भाजलेले मांस ओव्हनमधून निघेपर्यंत, वेल्डन पाव तास गॅरेजात जात. तेवढ्यात ते स्वतःच्या हाताने पाच गोळ्या घडवीत. पाचच, म्हणजे एका पुंजक्यापुरत्या. मग चर्चमध्ये मिळालेल्या प्रार्थनापत्रकाचा कोपरा फाडून त्यात पुडी बांधीत, आणि पुडी डब्यात टाकीत, आणि हात धुऊन जेवायला येत. हात परत आला आहे की काय हे पाहण्याचा तो त्यांचा रिवाज होता. त्यांनी त्या कधी झाडल्या नाहीत, कधी वितळवल्याही नाहीत. घरात त्याविषयी कोणी विचारले नाही, आणि न विचारणे म्हणजे मान राखणे ऐसे सर्वांनी धरले होते.

तेव्हा आर्डिथबाईंना 'त्याचा हात थरथरत होता' एवढे म्हणणे पुरे होते. त्यांनी डब्याकडे पाहिले, आणि गेलनकडे पाहिले, आणि मग स्टूल ओढले, वर चढल्या आणि डबा काढून दिला.

"पुड्या फाडू नकोस, नीट उघड. कागद परत हवेत मला."

"कागद कशाला गं?"

"माझे आहेत म्हणून."

मग मोहिमेची तयारी जाहली. बॉइड यांनी मोजून पाच पुड्या घेतल्या, पंचवीस गोळ्या काढल्या आणि दात करायच्या कारखान्यातल्या तराजूवर एकेक तोलली, आणि त्या सर्व केसाइतक्याही फरकाविना एकाच वजनाच्या भरल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांस पाणी आले, आणि जिची तिच्या पुडीत त्यांनी ती परत बांधली. लामार यांनी सुचवले की बाबा, चार झाडून तपासून तर घे. बॉइड म्हणाले, "ह्या? तपासायच्या? तू काय वेडा आहेस?" सामन्याआधी गोळी तपासत नाही ऐसा नेमबाज त्या राज्यात सापडायचा नाही, परंतु इतकी उत्तम गोळी हाती आली की ती तपासण्याचे धार्ष्ट्यही त्यांच्यात सापडायचे नाही. वारा ओळखण्यापुरत्या अंदाजाच्या गोळ्यांसाठी त्यांनी काळीज घट्ट करून पलंगाखालची एक पेटी फोडली. आणि इकडे आर्डिथबाई मे, जून, जुलै सकाळचे तीन तास प्रेसपुढे बसल्या, आणि लेकीने शिसे धुतले.

ऑगस्टाच्या दुसऱ्या शनिवारी फौजा माळावर दाखल जाहल्या. बॉइड यांचा महाल आदल्या दिवशीच येऊन उभा होता, त्यास छत्री, खुर्च्या आणि बर्फ करण्याचे यंत्र. लामार सकाळचे दूध काढून आले, आणि गोठ्याचा वास त्यांच्यापुढे चोपदारासारखा चालत आला. कागदांपर्यंतच्या वाटेवर वाऱ्याची निशाणे रोवली, त्यांवर प्लॅस्टिकची फुले गरगरू लागली. आणि आर्डिथबाई तीस वर्षे जेथे कॉफी घेऊन उभ्या राहत तेथे न जाता लामार यांच्या मेजामागे खुर्ची टाकून बसल्या, त्याजमुळे कॉफी कोणी केलीच नाही, आणि शूरांत अर्धा तास हाहाकार उडाला.

रिवाज ऐसा की मुख्य कागदाखाली अंदाजाचा कागद असतो. त्यावर चार गोळ्या टाकून वारा ओळखावा आणि मग वर मोजणीच्या पाच झाडाव्या. बॉइड यांनी पेटीतल्या चार अंदाजास टाकल्या, त्या एकाच भोकात गेल्या. मग पुडीतल्या पाच वर झाडल्या, आणि दुर्बिणीतून पाहिले, आणि पुन्हा पाहिले. गेलन यांनी मोजून सांगितले: बॉइड, चारशे बारा हजारांश. लामार, दोनशे तीन.

"वारा फिरला," बॉइड म्हणाले.

दुसरा कागद. खाली चार गोळ्या एका भोकात. वर तीनशे अठ्ठ्याऐंशी. लामार एकशे अठ्ठ्याऐंशी. या खेपेस दोष अनुक्रमे नळीवर, वाळूच्या पिशवीवर, शेजारच्या मेजावर खोकणाऱ्या गृहस्थावर आणि सकाळी न मिळालेल्या कॉफीवर गेला.

"आर्डिथ, हे तू मुद्दाम केलंस. कॉफीचं."

"हो."

तिसरा कागद. बॉइड यांनी पुडी उघडली, पाच गोळ्या भरल्या, आणि झाडल्या. मग छपराखाली ज्याच्या त्याच्या दुर्बिणीत तोच कागद आला. त्यावर एकच भोक होते. गोळी एकच गेली असती तर जेवढे पडते त्याहून जेमतेम मोठे. गेलन यांनी ते तीनदा मोजले, चष्मा पुसून चौथ्यांदा मोजले, आणि मग आकडा सांगितला. एकेचाळीस हजारांश. त्या माळावर आजवर इतका लहान पुंजका पडला नव्हता. आधीचा बावन्नांचा विक्रम एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालचा, वेल्डन फेसलर यांचा.

चौथा कागद, बॉइड चारशे सत्तेचाळीस. पाचवा, तीनशे पंच्याण्णव. लामार यांचे पाचही कागद एकाच आईची लेकरे असावीत तसे. सरासरी लामार योस्ट दोनशे एक. बॉइड हॉस्ट्रँडर तीनशे सदतीस. फत्ते लामार यांची, साचे आर्डिथबाईंचे, आणि कलम तिसरे अमलात आले.

बखर येथे संपली असती. परंतु हरलेला शूर भाषण केल्यावाचून राहत नाही.

बॉइड तो एकभोकी कागद उंच धरून म्हणाले, "तिसरा बघितलात ना सगळ्यांनी? तो मी होतो. बाकीचे चार, त्या गोळ्या होत्या." आणि मग, दयाळूपणे, "वेल्डनचा हात शेवटी शेवटी गेलाच होता म्हणायचा. वाईट वाटतं."

कोणी हसले नाही. दोघेतिघे मान हलवू लागले. तेव्हा आर्डिथबाई खुर्चीवरून उठल्या. नवऱ्याचा शब्द त्यांनी आठ वर्षे राखला, डबा देताना राखला, साचे पणाला लागले तेव्हाही राखला. तो आता मोडला.

"हो, गेला होता," त्या म्हणाल्या. "आठ वर्षांपूर्वी. तेव्हापासून तुमच्या सगळ्यांच्या पेट्या मी केल्यात. बॉइड, तुझे तिन्ही चषक माझ्या गोळ्यांचे. आज खाली अंदाजाच्या एकाच भोकात जात होत्या ना? त्याही माझ्याच."

बॉइड यांचे तोंड उघडे राहिले, आणि त्यात डोकावणारा कोणी नव्हता.

"आणि वरचे चार खराब झाले, ते त्याचे. ते मी आधीच सांगितलं होतं तुला. पण तिसरा तुझा नाही. तोही त्याचाच आहे. दे इकडे. आणि पुडीचा कागद पण दे."

त्या पुंजक्यात गोळी किती आणि त्या क्षणी पडलेला वारा किती, याचा निवाडा करण्यास बखरकार समर्थ नाही. परंतु त्या दिवशी त्या छपराखाली हा प्रश्न कोणी काढला नाही. बॉइड यांनी कागद दिला. विक्रमाच्या वहीत रिवाजाप्रमाणे रकाने असतात: नेमबाज, बंदूक, नळी, दारू, आणि गोळी कोणाची. गेलन यांनी पेन हाती घेऊन आर्डिथबाईंकडे पाहिले, आणि मग गोळीच्या रकान्यात वेल्डन फेसलर लिहिले, आणि खालच्या ओळीत, लामार यांच्या नावापुढे, आर्डिथ फेसलर. मग ते म्हणाले, "स्पेलिंग बरोबर आहे ना, आर्डिथ?" तीस वर्षांत ते नाव लिहिण्याचा प्रसंग त्यांना आला नव्हता.

परतताना गाडीत बाईंनी पुडीचा कागद मांडीवर सपाट केला. प्रार्थनापत्रकाचा कोपरा तो, त्यावर तारीख छापलेली: तीन वर्षांमागची, मेची सात.

मक्याची शेते संपली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी जेवताना म्हणाला होता. 'आज हात बरा होता.' मी म्हटलं, बटाटे दे इकडे."

येणेप्रमाणे ऑगस्टाची मोहीम फत्ते जाहली. साचे गॅरेजात जागच्या जागी आहेत आणि त्यांस गंज नाही. नव्या पेट्यांवर ए. एफ. हा शिक्का उठतो, आणि राजश्री बॉइड हॉस्ट्रँडर यांनी त्या दोन मागवल्या आहेत, मोठ्या सामन्यासाठी. झाडलेल्या पंचवीस गोळ्या माळाच्या टोकाच्या मातीच्या बांधात आहेत. बाकीच्या पुड्यांसह डबा वरच्या फळीवर परत गेला. त्या पुड्यांत आणखी एखादा बरा रविवार आहे की नाही, हे कळण्यास मार्ग एकच, आणि तो बाईंनी बंद केला आहे. पट्टी जुनीच आहे, अक्षरही तेच. हात लावू नये.